फॅक्सचा रकाना

"बेशिस्त कोण? नाव लिही ना खाली."

"आई, अहवालात कुणाचं नाव नसतं. ते जनरल असतं."

"काउंटरवर आम्ही दोघी. मी आणि सुलू. सुलू अर्धा दिवस. मग जनरल कोण, वॉचमन?"

ललितनं लॅपटॉप हळूच स्वतःकडे वळवला. पण बावीस पानांचा छापलेला अहवाल आईच्या मांडीवर होता, तिनं चष्मा लावलेला होता आणि ती सातव्या पानापर्यंत पोचली होती. त्याला फक्त शेवटच्या पानावर सही हवी होती. पोह्यांची बशी पुढं सरकवावी, आईनं पेन घ्यावं, वळणदार 'चंद्रकांता' काढावं आणि उठावं, इतकंच त्यानं ठरवलं होतं. आई कागद पहिल्या पानापासून वाचते हे तिच्या पोटी जन्मून अठ्ठावीस वर्षं झाली तरी त्याला ठाऊक नव्हतं.

"हे ऐका," चंद्रकांता नवऱ्याला म्हणाली. "'नोंदींचा दर्जा अत्यंत खराब. काउंटरवरील कर्मचारी अप्रशिक्षित व बेशिस्त असल्याचे दिसते.' तुमची बायको आहे ही, बळवंतराव. एकोणतीस वर्षं अप्रशिक्षित."

बळवंत दारासमोरच्या ओट्यावर पेपर घेऊन बसला होता. तारापूरच्या वसाहतीत पाण्याच्या पंपावर तीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून घरात फक्त मत द्यायचं काम करत होता. "कंपनीची भाषा असते ती," तो म्हणाला. "मनाला लावून घ्यायची नसते. कर सही."

सही कसली, ते असं. चंद्रकांता बोईसरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर होती. तिथलं सॉफ्टवेअर चौदा-पंधरा वर्षांचं झालं होतं. ट्रस्टनं नवं करून घ्यायचं ठरवलं आणि काम अंधेरीच्या कंपनीला दिलं, जिथं ललित पाच महिन्यांपूर्वी लागला होता. नवं करण्याआधी जुनं नीट तपासायचं, त्यात काय चालतं, काय चालत नाही, कोण ते कसं वापरतं हे पाहायचं, असा नियम होता. ते तपासणीचं काम ललितनं मागून घेतलं. "सर, माझी आईच तिथं बसते. मला ते सॉफ्टवेअर जेवताना तोंडी लावायला असतं," असं तो साहेबांना म्हणाला होता आणि साहेब हसले होते. आता शेवटच्या पानावर 'प्रत्यक्ष वापरकर्त्याशी सविस्तर चर्चा झाली. शुद्ध केलेल्या नोंदी मान्य आहेत' या ओळीखाली वापरकर्त्याची सही लागत होती. ती सोमवारी गेली की ललितचा सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळ संपून तो कायम होणार होता. नाही गेली तर काय, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. पण त्याच्याबरोबर लागलेल्या दोघांना गेल्या महिन्यात घरी पाठवलं होतं.

सविस्तर चर्चा झाली होती ती एवढीच: मे महिन्यात एका संध्याकाळी ललितनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं होतं, "आई, तुझा पासवर्ड काय गं?" आणि चंद्रकांतानं बोंबील साफ करता करता तो सांगितला होता. हजारो आजारी माणसांची नावं, वयं, दुखणी ज्याच्यामागं ठेवलेली, तो शब्द तिनं मिठाच्या बरणीची जागा सांगावी तसा सांगून टाकला. मुलगा कंपनीत होता ना. दुसऱ्या दिवशी खिडकीत सुलूला ती अभिमानानं म्हणालीही होती, "आमचा ललितच करतोय नवीन." त्या अभिमानाचे बावीस पानी वाभाडे आता तिच्या मांडीवर होते.

त्यानंतर ललितनं वरच्या खोलीत एसी लावून, कानाला हेडफोन लावून, पंधरा दिवसांत जुनं सॉफ्टवेअर तपासलं. दांडी गावाच्या अलीकडच्या या घरापासून दवाखाना चौदा किलोमीटर. पंधरा दिवसांत तो एकदाही तिथं गेला नाही. एकदा आई म्हणाली होती, "ये ना एक दिवस, बस माझ्या बाजूला." तो म्हणाला, "गरज नाही, सगळा डेटा आहे माझ्याकडे."

या सॉफ्टवेअरवर चंद्रकांताचं प्रेम होतं असं कुणी समजू नये. तिला त्याचा तिटकारा होता. एका माणसाची नोंद करायला अकरा वेळा एन्टर मारावं लागे. 'प्रिंट' आणि 'डिलीट' ही बटणं शेजारीशेजारी होती, आणि पडदा दुपारी बारानंतर, म्हणजे नेमकी गर्दी असताना, गोठून बसे. ते बनवणारा विरारचा कैलास नावाचा माणूस दुरुस्तीला आला की संगणकापेक्षा चहाचाच जास्त विचार करी. आपल्या तक्रारी तिला तोंडपाठ होत्या. कुणी विचारलं असतं तर तिनं ललितला बावीस काय, बेचाळीस पानं दिली असती. अहवालात अकरा एन्टरांचा उल्लेख नव्हता. प्रिंट-डिलीटचा नव्हता. पडद्याचा रंग 'जुनाट व निरुत्साही' असल्याबद्दल मात्र दीड पान होतं.

"हे बघ," ती आठव्या पानावर आली. "'अडतीस टक्के रुग्णांची जन्मतारीख एक जून अशी भरलेली आहे. हा कर्मचाऱ्यांचा निव्वळ आळस आहे.' आळस."

"मग काय? अर्धा तालुका एकाच दिवशी जन्मला?"

"कागदोपत्री, हो. शाळेत घालताना मास्तर तीच लिहायचे. तुझ्या बापाची काय आहे?"

ललितनं ओट्याकडे पाहिलं. बळवंतनं पेपरचं पान उलटलं.

"अहो, सांगा ना. पेन्शनच्या कागदावर काय आहे?"

"एक जून," बळवंत म्हणाला.

वैष्णवी, सून, पालघरच्या शाळेत शिक्षिका होती. रविवारच्या भांडणात पडायचं नाही हे ती लग्नानंतर आठवड्यात शिकली होती. ती दारातच हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. नवऱ्याला आपण हसलेलं दिसलं, हेही तिला कळलं.

"ठीक आहे, ते काढतो मी," ललित म्हणाला. "एक वाक्य आहे. पण बाकीचं बरोबर आहे ना? नवव्या पानावर फॅक्स बघ. फॅक्स, आई. आज फॅक्स कोण वापरतं? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फॅक्स नंबरचा रकाना आहे, आणि त्याच्याहून भयंकर, तो तुम्ही भरलाय. एकवीस हजार नोंदींपैकी एकोणीस हजारांत. आणि काय भरलंय? 'डीपी एनजे केडीएफ.' मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं. सरांना दाखवलं तेव्हा सगळी मीटिंग हसत होती."

"मीटिंग हसली?"

"म्हणजे, चांगल्या अर्थानं."

चंद्रकांतानं चष्मा काढला. तो काढला की तिचे डोळे लहान दिसत आणि माणसाला वाटे, आता ती ऐकेनाशी झाली. उलट असे.

"तुझं नवीन आहे ना तयार? दाखव. नोंदणी कर माझी."

"अगं, ते नमुन्याचं आहे."

"नमुन्याचीच कर. मी आले दवाखान्यात. तू खिडकीत बस."

ती उठली, ओट्यापर्यंत गेली, बळवंतच्या पायांना वळसा घातला आणि परत आली. पदर डोक्यावरून घेऊन खांद्याशी खोचला. ललितच्या टेबलासमोर उभी राहिली, पण सरळ नाही. खिडकीत डोकावणारी माणसं उभी राहतात तशी, एक हात टेबलाच्या कडेवर, नजर दुसरीकडे. वैष्णवी पुन्हा दारात आली.

ललितनं सुस्कारा सोडला आणि निळा-पांढरा सुंदर पडदा उघडला. "नाव?"

"नवसी."

"पूर्ण नाव सांगा."

"नवसी जिवल्या वरठा."

"जन्मतारीख?"

"ती कागदाव हाय. कागद घरी हाय."

"मग वय सांगा."

"तुमीच बघा ना बाय. पोरगी लग्नाची झाली माझी."

बळवंत खुसखुसला. ललितनं अंदाजे बेचाळीस टाकलं, आणि टाकताना त्याच्या लक्षात आलं की आपण आत्ता तेच केलं, ज्याला आठव्या पानावर आळस म्हटलंय. तो पुढच्या रकान्यावर गेला.

"मोबाइल नंबर?"

"माझा नाय. दुकानवाल्याचा हाय." चंद्रकांतानं पदराची गाठ सोडल्यासारखं केलं आणि हवेतला कागद पुढं केला.

"त्यावर ओटीपी आलाय. तो आकडा सांगा."

"कोनाव आला?"

"फोनवर. दुकानवाल्याच्या."

"मंग तो दुकानाव हाय. आमी हितं हाय."

"त्याला फोन करून विचारा."

"कोनाच्या फोनवरनं?"

वैष्णवीला आता हसू आवरेना. "तुम्ही चहा घ्या," ती नवऱ्याला म्हणाली, "मागं साठ माणसं उभी आहेत."

"ओटीपी सोडायची सोय देऊ आपण," ललित म्हणाला आणि त्यानं ती पायरी ओलांडली. पडद्यावर हिरवी चौकट आली. त्याचा चेहरा जरा खुलला. "हे बघ. हे तुमच्याकडे नव्हतं. 'या नावाची नोंद आधीच आहे.' तुमच्याच शुद्ध केलेल्या नोंदींतून आपोआप शोधलं. नवसी जिवल्या वरठा, जन्मतारीख एक जून. आता एक क्लिक, झालं."

चंद्रकांता तशीच उभी राहून पडद्याकडे वाकली. "आणि दुसरी?"

"दुसरी कोण?"

"दुसरी नवसी जिवल्या वरठा."

"ती डुप्लिकेट होती. अशा चारशे बारा जोड्या निघाल्या. नाव, तारीख, गाव, मोबाइल, सगळं तेच, नोंदी मात्र दोन. सगळ्या एकत्र केल्या मी. चौदाव्या पानावर आहे. सरांना सगळ्यात जास्त तेच आवडलं."

यावर तिनं ओरडायला हवं होतं, निदान घरातल्या तिघांनी तशी तयारी केली. ती ओरडली नाही. पदर डोक्यावरच होता आणि आवाजही त्याच बाईचा होता.

"माझा कागद येकदा दुसरीला दिला तुमी."

"काय?"

"थुकीचा कागद. मला सांगितलां, काय नाय झाला तुला, जा. मी भट्टीव गेले. चार महिनं खोकले."

बळवंतनं पेपर खाली ठेवला. "काय बोलतेस?"

चंद्रकांतानं पदर खाली घेतला आणि खुर्ची ओढून बसली. मग तिनं तिच्या नेहमीच्या आवाजात, भाजीचा हिशेब द्यावा इतक्या सपाटपणे सांगितलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एकाच गावच्या दोघीजणी. एकीचा नवरा जिवल्या, दुसरीचा बाप जिवल्या; लिहिताना दोघींची नावं सारखीच. दोघींचा फोन एकाच दुकानाचा. दोघींची थुंकी तपासायला घेतलेली. एकीला क्षय निघाला, एकीला काही नाही. दिवाळी तोंडावर होती, खिडकीत गर्दी होती, पडदा गोठला होता. तिनं पाकीट उचललं आणि हाक मारली, नवसी. एका बाईनं हात पुढं केला. तिनं दिलं. थोड्या वेळानं दुसरीनं हात पुढं केला, उरलेलं तिला दिलं. धडधाकट बाईनं तीन आठवडे गोळ्या खाल्ल्या. आजारी बाई दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर निघून गेली आणि होळीला परत आली तेव्हा तिचं वजन एकोणतीस किलो होतं.

"जगली," चंद्रकांता म्हणाली. "वर्षातून दोनदा येते. मला बाय म्हणते. काकडी आणते शेतातली."

"हे तू कधी सांगितलं नाहीस," बळवंत म्हणाला.

"तुम्हाला सांगून काय करायचं होतं? तुम्ही म्हणाला असता, मनाला लावून घेऊ नकोस."

त्यानंतर तिनं कैलासला बोलावून एक जादा रकाना मागितला होता, पाड्याच्या नावासाठी. कैलास म्हणाला, नवीन रकाना म्हणजे फार काम. हा फॅक्स कुणी भरत नाही, काय लिहायचं ते तिथंच लिहा. म्हणून तिनं फॅक्समध्ये लिहिलं. डीपी म्हणजे डोंगरीपाडा. एनजे, नवरा जिवल्या. बीजे असेल तर बाप जिवल्या. केडीएफ, किराणा दुकानाचा फोन. रकान्यात जास्त अक्षरं मावत नव्हती. आता खिडकीत नुसतं नाव ऐकून ती पाकीट देत नसे. आधी विचारी, पाडा कुठला, जिवल्या तुझा कोण. उत्तर फॅक्सशी जुळलं तर पाकीट. बारा वर्षांत पुन्हा चुकलं नव्हतं. ती मांजराची अक्षरं तेवढ्यासाठी होती.

"पण हे कुठं लिहिलेलं नाही," ललित म्हणाला. "मला कसं कळणार?"

हे मात्र खरं होतं आणि चंद्रकांताला ते बोचलं. कुठंच लिहिलेलं नव्हतं. सुलूला निम्मीच अक्षरं माहीत होती. उरलेल्यांसाठी तिला चंद्रकांताला विचारावं लागे, आणि तिनं विचारावं हे चंद्रकांताला आवडे. रजेच्या दिवशी सुलूचे चार-चार फोन यायचे. ते उचलताना ती घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. चार वर्षांनी ती निवृत्त झाली की एकोणीस हजार रकाने तिच्याबरोबरच घरी आले असते.

"विचारून," ती म्हणाली. "विचारून कळलं असतं. तू पासवर्ड विचारलास."

दुपारी सगळे जेवायला बसले. भाकरी, बोंबलाचं कालवण, आणि मधूनमधून बळवंतची मतं. सॉफ्टवेअर काय, ते होत राहील. पोराची नोकरी एकदा गेली की गेली. शिवाय नवसी ही आपली कोण? शेवटचं वाक्य त्यानं जरा हळू म्हटलं, पण म्हटलं. ज्या माणसानं तीस वर्षं वसाहतीला पाणी सोडलं आणि एक दिवस अर्धा तास उशीर झाला तर दारोदार क्षमा मागत फिरला, त्याच्या तोंडून ते आलं. चंद्रकांतानं त्याच्या ताटात कालवण वाढलं आणि काटा काढून द्यायची रोजची सवय त्या दिवशी मोडली.

ललितनं तडजोड आणली. "मी त्या जोड्या परत वेगळ्या करतो. बॅकअप आहे. बेशिस्त, आळस, सगळे शब्द काढतो. फक्त उद्या सही जाऊ दे. बाकी पुढच्या टप्प्यात घेऊ."

"वेगळ्या करशील म्हणजे कशा? चारशे बारामध्ये खरंच एकच माणूस किती आणि दोन किती?"

"ते... बघावं लागेल."

"काही खरोखर दोनदा लिहिलेले आहेत. सुलूनं केलेत, मीही केलेत. ते कोणते, हे तुझ्या क्लिकला कळणार आहे?"

"नाही," वैष्णवी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती भाकरीचा तुकडा मोडत होती. "एकेक बघायला लागेल. आईंबरोबर बसून. आमच्याकडे पट पडताळताना तेच करतो. नाव वाचतो आणि पोराचं तोंड बघतो."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" ललितनं विचारलं.

"मी जेवतेय."

जेवण झाल्यावर ललित वर गेला. एसी लागल्याचा आवाज आला. तो फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. 'मदर' हा शब्द दोनदा खाली ऐकू आला, आणि दोन्ही वेळा त्याच्यानंतर हसणं आलं, चांगल्या अर्थाचं. खाली चंद्रकांतानं भांडी बाजूला सारली. वैष्णवीकडून शाळेची एक कोरी दोनशे पानी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर लिहायला सुरुवात केली. डीपी, डोंगरीपाडा. केपी, खालचापाडा. एनजे. बीजे. बरीच अक्षरं तिची तिलाच लगेच आठवेनात. ती थांबे, डोळे मिटून खिडकीतलं तोंड आठवे, मग लिही. चार वाजेपर्यंत सहा पानं झाली. मध्ये एकदा तिनं सुनेचा फोन मागितला, दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचं पान उघडून घेतलं आणि त्यावर बोटानं काहीतरी दाबत बसली. मग अहवालाचं शेवटचं पान काढून घेतलं आणि त्यावर दोन-तीन ओळी लिहिल्या.

पाचला चहा झाला. ललित खाली आला, कप घेतला आणि टेबलावरचा कागद त्याला दिसला. सही होती, वळणदार. त्याचा हात पुढं गेला आणि थांबला. छापलेली ओळ पट्टी धरून सरळ रेघेनं खोडली होती. खाली लिहिलं होतं: 'माझ्याशी चर्चा झाली नाही. शुद्ध केलेल्या नोंदी मान्य नाहीत. चारशे बारा जोड्या माझ्यासमोर तपासाव्यात.'

"हे मी देऊ शकत नाही," तो म्हणाला.

"तू द्यायचा नाहीच. उद्या नऊला मी ट्रस्टच्या ऑफिसात देणार. एक प्रत तुझ्या साहेबांना पाठवायला सांगणार."

"आई, मला काढून टाकतील."

"काढतील किंवा माझ्या बाजूला बसवतील. जोड्या तपासायला माणूस लागेलच, आणि तू जवळ राहतोस. तुलाच बसवता का, मी विचारणार त्यांना. नाही म्हणाले तर दुसरा कोणी येईल, त्याला शिकवीन."

"अगं, पण," बळवंतनं सुरुवात केली.

"चहा निवतोय तुमचा," चंद्रकांता म्हणाली. वही तिनं पिशवीत टाकली, कागद वहीत ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारातून, रात्रीला काय करायचं ते सांगावं त्या आवाजात, तिघांनाही सांगितलं, "पासवर्ड मी बदललाय. उद्यापासून ज्याला ते सॉफ्टवेअर बघायचंय त्यानं खिडकीत येऊन बघायचं. वैष्णवी, सकाळी दवाखान्यात न्यायला डबा एकच भर. ललित आला तर तो तिथल्या कॅन्टीनमध्ये जेवेल."